वळण सांगायचे कसे?

वर्गात सहज करता येण्याजोगा एक खेळ आहे. दोन विद्यार्थ्यांना पाठीला पाठ लावून बसवावे. एकाच्या हातात आकृतीचा कागद द्यावा, दुसऱ्याच्या हातात कोरा आलेख कागद. पहिल्याने आकृती नुसत्या शब्दांत सांगायची, दुसऱ्याने ती ऐकून काढायची. आकृती सरळ रेषेची असेल तर काम दोन वाक्यांत उरकते. हा एक बिंदू, तो दुसरा, जोडून टाक. वर्तुळ असेल तर केंद्र आणि त्रिज्या सांगितली की झाले. पण कागदावर मोटारीच्या टपाची कड किंवा तांब्याची बाजू काढलेली असेल, तर सांगणाऱ्याची पंचाईत होते. ‘थोडे वर घे, आता हळूहळू वळव, एवढे नको रे’ असे सुरू होते आणि शेवटी दोन्ही कागद शेजारी ठेवले की सारा वर्ग हसतो.

१९६० सालाच्या आसपास मोटारींचे मोठमोठे कारखाने नेमके याच अडचणीत होते. तेथे मात्र कोणी हसत नसे. सांगणारा चित्रकार एका खोलीत, पत्रा दाबण्याचे साचे करणारा दुसऱ्या इमारतीत, आणि मधल्या गैरसमजाची किंमत लाखांत.

आज मिक्सरचे भांडे, हेल्मेट किंवा स्कूटरचा मडगार्ड घडवणारा डिझायनर संगणकाच्या पडद्यावर चार-सहा बिंदू इकडे-तिकडे सरकवतो आणि वळण हवे तसे लवते. तेच वळण दुसऱ्या गावातील साचेवाल्याकडे जसेच्या तसे पोचते. याचे श्रेय आपण संगणकाला देऊन मोकळे होतो. पण वळण सांगायचे कसे हे आधी कोणीतरी शोधून काढावे लागले. ती युक्ती पॅरिसमधील दोन प्रतिस्पर्धी कारखान्यांत, एकमेकांना पत्ता नसताना, काही वर्षांच्या अंतराने सापडली. तिची गोष्ट सांगायची आहे. गणित त्यात आहे, पण ते आठवीच्या पलीकडचे फारसे नाही.

आधी जुनी रीत पाहू. जहाजे बांधणाऱ्यांना वळणांचा प्रश्न फार पूर्वीपासून भेडसावत होता. कारखान्याच्या वरच्या माळ्यावर एक प्रशस्त लाकडी जमीन असे आणि तीवर जहाजाचे छेद खऱ्या मापात काढले जात. त्यासाठी लवचीक लाकडाची लांब, बारीक पट्टी घ्यायची, ती ठरावीक बिंदूंतून जाईल अशी वाकवायची आणि जागोजागी शिशाची वजने ठेवून पक्की करायची. पट्टीच्या कडेने खडू फिरवला की वळण तयार. ते गुळगुळीत का येते? वाकवलेल्या पट्टीत स्थितिज ऊर्जा साठते, आणि दिलेल्या बिंदूंतून जाताना ही ऊर्जा कमीत कमी राहील असाच आकार पट्टी धारण करते. एके ठिकाणी एकदम मोडल्यासारखी वळण्यापेक्षा सगळीकडे थोडी थोडी वळणे तिला सोयीचे असते. पदार्थविज्ञानाचे शिक्षक हा प्रयोग पोलादी मोजपट्टी आणि चार खिळे घेऊन करू शकतील.

या पट्टीचे वळण सुंदर असते, पण ते जमिनीवरच राहते. पत्रात घालून पाठवता येत नाही. त्यावरून लाकडी फर्मा करायचा, फर्म्यावरून दुसरा फर्मा, आणि प्रत्येक नकलेत थोडी चूक भरत जायची. विमानांच्या कारखान्यांनीही हीच पद्धत उचलली होती. तिला पहिला मोठा छेद दिला तो अमेरिकेतील नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन या कंपनीतल्या रॉय लायमिंग यांनी. १९४० साली मस्टँग या लढाऊ विमानाची आखणी चालू असताना त्यांनी त्याच्या अंगाचे छेद शांकव वक्रांत, म्हणजे लंबवर्तुळ, अन्वस्त यांसारख्या शाळकरी भूमितीतल्या वक्रांत बसवले. शांकवाचे समीकरण असते, त्यामुळे कोणताही बिंदू गणिताने काढता येतो. आकृतीऐवजी आकड्यांचे तक्ते विभागा-विभागांत फिरू लागले. १९४४ मध्ये लायमिंग यांनी या पद्धतीवर पुस्तकही लिहिले. पण विमानाचे अंग त्या मानाने साधे. मोटारीच्या पुढच्या मडगार्डापाशी चार-पाच वळणे एकत्र येतात आणि ती केवळ हवेसाठी नसतात, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसाठी असतात. तेथे शांकव अपुरे पडतात.

मोटारीची रीत काय होती? चित्रकार लहान चित्र काढी. त्यावरून चिकणमातीचे मॉडेल होई, आधी लहान, मग पूर्ण मापाचे. मातीच्या मॉडेलवर जागोजागी मापे घेऊन मोठ्या कागदांवर छेद उतरवत. छेदांवरून लाकूड आणि प्लास्टर यांचे एक अस्सल मॉडेल बनवत, आणि त्यावरून नक्कल करणाऱ्या यंत्राने पोलादी साचे कोरत. प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी आपल्या नजरेने ‘जरा नीट’ करून घेई. आराखडेवाला कागदावर एक वळण सरळ करी, लाकूडकाम करणारा दुसरे. महिनोनमहिने हे चाले. अखेर दरवाजा चौकटीत नीट बसला नाही की वाद पेटे. खरे कोण? मातीचे मॉडेल, कागद, की प्लास्टर? तिन्ही एकमेकांपासून थोडी थोडी वेगळी, आणि प्रत्येक विभाग आपल्याजवळचे तेच प्रमाण मानणार. माप घेणाऱ्यांत वाद झाला तर मीटरकडे जाता येते. वळणासाठी असा मीटर नव्हता.

त्यातच १९५२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने आकड्यांवर चालणारे मिलिंग यंत्र दाखवले. छिद्रे पाडलेल्या फितीवर आकडे दिले की यंत्राचे हत्यार त्यानुसार फिरणार. यंत्र आज्ञाधारक होते, पण मडगार्डाच्या वळणाचे आकडे द्यायचे कोठून?

१९५८ मध्ये पॉल द कास्तेलजो नावाचा २८ वर्षांचा गणिती सिट्रोएन कंपनीत लागला. आराखड्यांचे समीकरणांत रूपांतर होईल का, हे पाहण्याचे काम त्याच्याकडे आले. सरळधोट उपाय असा की, वळणावरचे पुष्कळ बिंदू मोजायचे आणि त्या सर्वांतून जाणारी एक बहुपदी काढायची. दोन बिंदूंतून एक रेषा जाते, तीन बिंदूंतून वर्गबहुपदी, अकरा बिंदूंतून दहाव्या घाताची. पण येथे एक जुना सापळा आहे. जर्मन गणिती कार्ल रुंग याने १९०१ सालीच दाखवले होते की, सारख्या अंतरावरचे बिंदू वाढवत गेले तर अशी बहुपदी काही वेळा सुधारण्याऐवजी बिंदूंच्या मध्ये, विशेषतः टोकांपाशी, वेड्यासारखी हेलकावे खाते. बिंदू सगळे बरोबर आणि वळण मात्र भलतेच! मोटारीचा पत्रा असा हेलकावला तर गिऱ्हाईक दारातूनच परतेल.

द कास्तेलजोने प्रश्नच बदलला. वळणाने दिलेल्या बिंदूंना शिवलेच पाहिजे हा हट्ट त्याने सोडला. बिंदू वळणाच्या बाहेर ठेवायचे आणि त्यांनी वळणाला दुरून ओढायचे. या बिंदूंना त्याने ध्रुव म्हटले. आज आपण नियंत्रण बिंदू म्हणतो. १९५९ सालच्या त्याच्या टिपणात ही रीत आहे. ती इतकी साधी आहे की आपण आता फळ्यावरच करू.

आलेख कागदावर तीन बिंदू घ्या. अ (०, ०), ब (४, ८) आणि क (८, ०). अब आणि बक हे रेषाखंड काढा. आता अब चा मध्यबिंदू (२, ४) आणि बक चा मध्यबिंदू (६, ४). हे दोन मध्यबिंदू जोडा आणि त्या रेषेचाही मध्यबिंदू काढा, तो येतो (४, ४). हा झाला वळणावरचा एक बिंदू. दुसरा हवा असेल तर अर्ध्याऐवजी पाव घ्या. अ पासून ब कडे पाव अंतरावर (१, २), ब पासून क कडे पाव अंतरावर (५, ६), आणि या दोहोंना जोडणाऱ्या रेषेवर पुन्हा पाव अंतरावर (२, ३). पाऊण घेतले तर (६, ३) मिळेल. (०, ०), (२, ३), (४, ४), (६, ३), (८, ०) हे पाच बिंदू हलक्या हाताने जोडा. नीटस कमान दिसेल. ती अन्वस्ताचा तुकडा आहे, हे विद्यार्थ्यांकडून ताडून घ्यावे.

आता गंमत पाहा. ब हा बिंदू (४, ८) वरून (४, १२) वर न्या आणि पुन्हा करा. मधला बिंदू (४, ६) वर येईल, सगळी कमान उंचावेल. ब ला उजवीकडे ढकला, कमान उजवीकडे कलेल. अ आणि क मात्र जागचे हलत नाहीत. पाठीला पाठ लावून बसलेल्या विद्यार्थ्याला आता आपण वळण सांगू शकतो. तीन बिंदू आणि एक कृती, बस्स. बिंदू चार घेतले तर कृती एक पायरी वाढते. तीन मध्यबिंदू, मग दोन, मग एक. चार बिंदूंनी इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखे दुहेरी वळणही घेता येते.

ही कृती समीकरणात मांडली तर ओळखीचा चेहरा भेटतो. अर्धे, पाव यांच्या जागी सर्वसाधारण अंतर ‘त’ घ्या. मग वळणावरचा बिंदू म्हणजे अ, ब, क यांची भारित सरासरी, आणि त्यांचे भार अनुक्रमे (१ − त)², २त(१ − त) आणि त². ही तर दोन पदांच्या वर्गाच्या विस्तारातली तीन पदे! बेरीज नेहमी १. संभाव्यता शिकवणाऱ्यांना हेच आकडे दुसरीकडेही भेटले असतील. काटा पडण्याची संभाव्यता ‘त’ असलेले नाणे दोनदा फेकले, तर एकही काटा न येणे, एक येणे, दोन्ही येणे यांच्या संभाव्यता नेमक्या याच. चार बिंदूंसाठी तीन फेकींच्या. हा योगायोग नाही. खार्कीव्ह येथील गणिती सेर्गेई बर्नस्टाइन याने १९१२ साली एका प्रसिद्ध प्रमेयाची सिद्धता संभाव्यतेच्या वाटेने दिली होती, आणि त्यासाठी त्याने ज्या बहुपदी वापरल्या त्याच या. त्या वेळी त्यांचा मोटारींशी काही संबंध येईल असे कोणाला वाटण्याचे कारण नव्हते.

सर्व भार धन आणि त्यांची बेरीज १, यातून डिझायनरला हवी असलेली हमी मिळते. नियंत्रण बिंदूंच्या जागी टाचण्या टोचून त्यांच्याभोवती रबरबँड ताणला, तर वळण त्या रबरबँडच्या आतच राहणार. रुंगचा हेलकावा येथे शक्यच नाही. बिंदूंना जोडणारी तुटक रेषा जितक्या वेळा वळते त्याहून वळण अधिक वेळा वळत नाही. म्हणजे गणित न शिकलेल्या माणसालाही बिंदू पाहून वळणाचा अंदाज येतो. आमच्या मते ही या शोधातली सर्वांत मोलाची गोष्ट. समीकरण गणित्याच्या हाती राहिले नाही, ते चित्रकाराच्या हाती देता आले.

सिट्रोएनने मात्र हे बाहेर जाऊ दिले नाही. कंपनी तेव्हा मिशलँ या टायरवाल्यांच्या ताब्यात होती आणि गुप्तता ही त्या घराची जुनी सवय. द कास्तेलजोची टिपणे कपाटात राहिली.

पॅरिसमध्येच रेनोचा कारखाना होता. तेथे पिएर बेझिए हे यंत्र-अभियंते १९३३ पासून नोकरीत होते. उत्पादनासाठी लागणारी यंत्रे आखण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. साचे, जिग, बसत नसलेले दरवाजे हा त्यांचा रोजचा संसार. १९६० च्या सुमारास, वयाच्या पन्नाशीत, त्यांनी वळणाचा प्रश्न हाती घेतला. त्यांची वाट निराळी होती. एका चौकोनी खोक्यात एक मूळ वळण बसवलेले आहे अशी कल्पना करा. खोके तिरपे केले, ताणले, दाबले की आतले वळणही तसेच बदलेल. खोक्याच्या कडा सांगितल्या की वळण सांगितले गेले. केंब्रिजच्या रॉबिन फॉरेस्ट यांनी १९७२ मध्ये दाखवले की, बेझिए यांचे सूत्र नव्याने मांडले तर त्यात बर्नस्टाइनच्याच बहुपदी आहेत. म्हणजे दोन कारखान्यांत दोन दारांनी माणसे एकाच खोलीत आली होती.

बेझिए यांना आधी घरच्यांचीच समजूत घालावी लागली. तुमची पद्धत एवढी चांगली असती तर ती अमेरिकनांनी आधीच काढली नसती का, असे एका वरिष्ठाने त्यांना ऐकवल्याचे त्यांनीच पुढे लिहिले आहे. (हा प्रश्न आपल्याकडेही अनेकांनी ऐकला असेल.) आपल्या सूत्रांना वजन यावे म्हणून त्यांनी ती ओनेझिम द्यूराँ नावाच्या प्राध्यापकांच्या नावावर खपवल्याची गंमतही सांगतात. असे प्राध्यापक कोणी नव्हतेच.

पण बेझिए यांच्याकडे एक गोष्ट होती जी द कास्तेलजोकडे नव्हती, ती म्हणजे बोलण्याची मोकळीक. १९६६ पासून त्यांचे लेख छापून येऊ लागले. १९६८ मध्ये अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेसमोर त्यांनी रेनोची पद्धत मांडली, आणि त्याच सुमारास युनिसर्फ ही त्यांची प्रणाली कारखान्यात चालू लागली. चित्रकाराने चित्रावर नियंत्रण बिंदू खुणावायचे, त्यांचे आकडे संगणकाला द्यायचे, मोठ्या आरेखन यंत्राने पूर्ण मापाचे वळण काढून दाखवायचे. पसंत नसेल तर बिंदू हलवून पुन्हा. पसंत पडले की तेच आकडे मिलिंग यंत्राला. खरे कोण, या वादाचा निकाल लागला. आकडे खरे. कागद, माती, लाकूड या सगळ्या त्यांच्या नकला.

परिणाम असा की, जगाने या वक्रांना बेझिए वक्र हेच नाव दिले. १९७५ च्या सुमारास जर्मन गणिती वोल्फगांग ब्योम यांच्या हाती सिट्रोएनची जुनी टिपणे पडली, तेव्हा कोठे द कास्तेलजोचे काम बाहेरच्यांना कळले. तोवर नाव रुळले होते. वर आपण केलेल्या मध्यबिंदूंच्या कृतीला मात्र आता द कास्तेलजोची रीत म्हणतात. बेझिए यांनी याबाबत मनाचा मोठेपणा दाखवला. फ्रान्समध्ये या दिशेने पहिले पाऊल सिट्रोएनने टाकले आणि द कास्तेलजो हा अतिशय प्रतिभावान गणिती होता, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले. बेझिए १९९९ मध्ये वारले. २०१२ साली द कास्तेलजो यांना या क्षेत्रातला एक मानाचा पुरस्कार मिळाला, त्याचे नाव बेझिए पुरस्कार. ते २०२२ मध्ये वारले.

पुढचा इतिहास बहुतेकांना थोडाफार ठाऊक असतो, म्हणून तो भरभर सांगतो. १९६३ साली आयव्हन सदरलंड याने पडद्यावर प्रकाशलेखणीने चित्र काढण्याची स्केचपॅड ही प्रणाली आपल्या प्रबंधासाठी केली. तिच्यात ‘या दोन रेषा समांतरच राहतील’ अशी अट घालता येई. या अटींची कल्पना १९८८ साली प्रो-इंजिनिअर या सॉफ्टवेअरने कारखान्यांत रुळवली. भोकाचा व्यास बदला, त्याला धरून असलेली सगळी मापे आपोआप बदलतात. वळणावरून पृष्ठभागाकडे जाणे अवघड नव्हते. चार बिंदूंऐवजी चार गुणिले चार, म्हणजे सोळा बिंदूंची जाळी घेतली की पत्र्याचा एक तुकडा होतो आणि असे तुकडे शिवत जायचे. या तुकड्यांनी घडवलेली सर्वांत प्रसिद्ध वस्तू मोटार नाही, चहाची किटली आहे! १९७५ मध्ये अमेरिकेतील युटा विद्यापीठात मार्टिन न्यूवेल याला पडद्यावर दाखवायला एखादी गोलाकार वस्तू हवी होती. त्याने घरातल्या किटलीचे चित्र आलेख कागदावर काढून नियंत्रण बिंदू वाचून घेतले. पुढे कित्येक वर्षे संगणक-चित्रांचे संशोधक आपली नवी पद्धत याच किटलीवर तपासत. पहिल्या किटलीला बूड नव्हते. खरी किटली आता कॅलिफोर्नियातील संगणक इतिहास संग्रहालयात आहे.

एक उणीव सांगितली पाहिजे. या बहुपदींनी अचूक वर्तुळ काढता येत नाही. चार बिंदूंच्या वळणाने पाव वर्तुळ अशी चार पावे जोडली, तर त्रिज्येत सर्वांत जास्त चूक सुमारे ०.०२७ टक्के येते. एक मीटर त्रिज्येवर पाव मिलिमीटरहून किंचित जास्त. चित्राला हे पुरे, पण दंडगोल आणि बेअरिंग यांच्या जगात पुरे नाही. म्हणून दोन बहुपदींचा भागाकार वापरणारे वक्र आले. केन व्हर्स्प्रिल याचा त्यावरचा प्रबंध १९७५ चा आहे, आणि आजच्या बहुतेक डिझाइन सॉफ्टवेअरच्या पोटात त्याच घराण्यातले वक्र आहेत.

१९९४ च्या जूनमध्ये बोइंग ७७७ हे विमान पहिल्यांदा उडाले. त्याचे भाग फ्रान्समध्ये जन्मलेल्या कॅटिया या सॉफ्टवेअरवर आखले होते आणि ते एकमेकांत बसतात की नाही हे संगणकातच पाहिले होते. पूर्वी यासाठी विमानाचे पूर्ण मापाचे प्रतिरूप बांधावे लागे. खबरदारी म्हणून नाकाकडच्या भागाचे एक प्रतिरूप केले, ते ठीक बसले आणि पुढची रद्द केली.

हे सारे दूरदेशीचे वाटेल, पण आपण या क्षणी जे वाचत आहोत तेही यातलेच. संगणकावर जुळवलेल्या मजकुरातील अक्षरे चित्रांच्या रूपात साठवलेली नसतात, त्यांच्या कडा नियंत्रण बिंदूंच्या रूपात साठवलेल्या असतात. म्हणूनच अक्षर कितीही मोठे केले तरी त्याच्या कडेला पायऱ्या दिसत नाहीत. १९८० च्या दशकात आलेल्या पोस्टस्क्रिप्ट पद्धतीत चार बिंदूंचे वक्र असतात, तर ट्रूटाइप पद्धतीत तीन बिंदूंचे. म्हणजे आपण फळ्यावर काढली तीच कमान. पवईच्या आयआयटीत अक्षरकला शिकवणारे र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ हा देवनागरी टंक ट्रूटाइपचाच. बोरूने एका झटक्यात निघणारे ‘क’ चे पोट अशा किती कमानी जोडून झाले आहे, हे अक्षर-संपादनाचे एखादे विनामूल्य सॉफ्टवेअर उघडून पाहता येते. आम्ही पाहिले, आणि अक्षराबद्दलचा आदर वाढला.

राहता राहिला एक बारकावा, ज्यात डिझायनरचा बराच दिवस जातो. दोन वळणे जोडताना त्यांची टोके एकत्र आली पाहिजेत, हे उघड. सांध्यापाशी दोघांची स्पर्शिकाही एक हवी, नाहीतर कोपरा दिसेल. बेझिए वक्रात हे सोपे आहे. सांध्याचा बिंदू आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे शेजारी हे तिन्ही एका सरळ रेषेत आणायचे. पण तेवढ्याने भागत नाही, वक्रताही जुळावी लागते. सरळ रेषेची वक्रता शून्य, वर्तुळाची वक्रता म्हणजे त्रिज्येचा व्यस्त. सरळ रेषेला वर्तुळाची कमान स्पर्शून जोडली, तर कोपरा नसतो, पण वक्रता शून्यावरून एकदम उडी घेते. रेल्वेचे रूळ असे जोडले तर गाडीतल्या माणसांना बाजूला हिसका बसेल, म्हणून मध्ये वक्रता हळूहळू वाढवणारा तुकडा घालतात. पत्र्यावर हिसका बसतो तो प्रतिबिंबाला. डिझायनर पडद्यावरच्या मॉडेलवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे प्रतिबिंब पाडून पाहतो. स्पर्शिका जुळली नसेल तर पट्टा सांध्यापाशी तुटतो, स्पर्शिका जुळून वक्रता जुळली नसेल तर पट्टा सांध्यापाशी मोडतो, दोन्ही जुळले तर सफाईने वाहतो. एवढे असूनही अनेक मोटार कंपन्या आजदेखील पूर्ण मापाचे मातीचे मॉडेल करून त्याभोवती फिरून पाहतात.

या बारकाव्याशी आमची ओळख मात्र संगणकावर झाली नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्हाला एका प्रयोगासाठी हवेचा झोत अरुंद करत नेणारी नळी हवी होती. तिच्या बाजूची आकृती आम्ही स्वतः काढली. सरळ रेषा, तिला स्पर्शून कमान, पुढे उलटी कमान, पुन्हा सरळ रेषा. सगळ्या स्पर्शिका जुळवल्या होत्या आणि त्याचा थोडा अभिमानही होता. ओतकामासाठी सागवानी पॅटर्न करणारे मिस्त्री वयस्क होते. पॅटर्न तयार झाल्यावर त्यांनी तळहात त्यावरून एकदा पुढे, एकदा मागे फिरवला आणि म्हणाले, “साहेब, मापाने केलंय, पण इथं खटका आहे.” बोट नेमके सरळ रेषा आणि कमान यांच्या सांध्यावर. आम्ही आकृती दाखवून तेथे कोपरा नाही हे समजावू लागलो. त्यांनी काही वाद घातला नाही. पॅटर्नला पॉलिशचा एक हात दिला, तो उचलून ट्यूबलाइटखाली धरला आणि हळूच तिरपा केला. दिव्याची पांढरी रेघ पॅटर्नवरून सरकत आली आणि त्या सांध्यावर मोडली.

“घासू का थोडं?” त्यांनी विचारले. आम्ही होय म्हटले. नळी त्यावरूनच ओतली गेली आणि अनेक वर्षे चालली. तिची आकृती आमच्या फायलीत अजून आहे, पण ती त्या नळीची नाही.